हाडाला हौस कळत नाही

वाचकाचे पत्र (सारांशाने, ओळख पटेल असे तपशील वगळून): "माझे वय २६, मुंबईच्या उपनगरात राहते. माझ्या नाकाचा उंचवटा मला शाळेपासून खुपत होता. (हे नाक बाबांच्या घराण्याचे, बाबांना आणि आत्यालाही तसेच आहे.) तीन वर्षे पगारातून पैसे बाजूला टाकून १९ दिवसांपूर्वी मी नाकाची प्लास्टिक सर्जरी करून घेतली. खरे काय ते फक्त आईला ठाऊक आहे. बाबा, भाऊ, आमच्याकडे राहणारी आत्या आणि ऑफिस, सर्वांना 'नाकाचे हाड वाढले होते, साधे ऑपरेशन झाले' असे सांगितले आहे. आठव्या दिवशी प्लास्टर निघाले आणि दहाव्या दिवसापासून मी लोकलने ऑफिसला जाऊ लागले. चष्म्याशिवाय मला काम करता येत नाही. नाक चोंदलेले असते म्हणून आत्या रोज रात्री वाफ घ्यायला लावते आणि मला नाही म्हणता येत नाही. शेंडा सुजलेला आणि जरा जास्तच वर उचललेला दिसतो, डावी बाजू उजवीपेक्षा जाड वाटते, हसताना वरचा ओठ ओढल्यासारखा होतो. पाच आठवड्यांनी चुलतबहिणीचे लग्न आहे आणि त्यात मला नथ घालायची आहे. माझे नाक बिघडले असेल का? आणि सुखासुखी, हौसेने ओढवून घेतलेल्या दुखण्यासाठी आजाऱ्यासारखे घरी बसायचे तरी कोणत्या तोंडाने?"

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. नाक बिघडले का, हा तुम्हाला मोठा वाटतो. कोणत्या तोंडाने घरी बसायचे, हा शेवटी जाता जाता आला आहे. मी उलट्या क्रमाने उत्तर देणार आहे, कारण या घडीला तुमच्या नाकाला धोका आहे तो दुसऱ्या प्रश्नापासून.

निवृत्त होण्यापूर्वी बरीच वर्षे मी या शहरातल्या एका रुग्णालयात कान-नाक-घसा विभागाची परिचारिका होते. दहीहंडीच्या थरावरून पडून नाक मोडून आलेला मुलगा आणि दोन खाटा सोडून नाकाचा आकार बदलून घेतलेली मुलगी, अशा जोड्या मी पाहिल्या आहेत. मुलाभोवती भेटायला येणाऱ्यांची रीघ, शहाळी, चौकशा. मुलगी छताकडे बघत एकटी पडलेली. जखमा मात्र दोघांच्याही जवळजवळ सारख्याच असत. नाकाचा उंचवटा काढायचा म्हणजे हाड कानसीने घासायचे किंवा छिन्नीने छाटायचे, आणि त्यानंतर नाक वरून सपाट व पसरट राहू नये म्हणून बहुतेक वेळा दोन्ही बाजूंची हाडे मुळाशी कापून आत सरकवायची. ते सर्जनने मोजूनमापून केलेले फ्रॅक्चरच असते आणि ते पक्के व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. आपल्याला अपघाताने मोडले की हौसेने, हे हाडाला कळत नाही. त्यामुळे विश्रांतीचा हक्क दुखण्याच्या कारणावरून ठरतो, हे जे तुम्ही गृहीत धरले आहे, ते मला मान्य नाही.

या बाबतीत आपल्याकडचाच एक जुना दाखला आहे. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या एका मासिकात पुण्याकडची हकीकत छापून आली होती. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा एक मराठी माणूस, ज्याचे नाव तिथे कावसजी असे दिले आहे, टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. वर्षभराने, विटा करणे हा ज्यांचा जातीचा धंदा अशांपैकी पुण्याजवळच्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही शस्त्रक्रिया मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिली होती, आणि पुढे युरोपात ती याच हकीकतीवरून शिकली गेली. मला त्यातली आवडते ती नंतरच्या देखभालीची नोंद: पहिले पाच-सहा दिवस रोग्याला उताणे झोपवून ठेवायचे आणि दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे तुकडे ठेवायचे. ज्या दिवशी त्या गाडीवानाच्या नाकात कोणी जपून मऊ कापड ठेवत होते, त्या दिवशी तुम्ही सकाळची फास्ट लोकल पकडलीत.

आता तुमच्या लपवाछपवीविषयी. खोटे बोललात म्हणून मी रागावत नाही. 'नाकाचे हाड वाढले' हे आपल्याकडचे फार सोयीचे वाक्य आहे; बहुतेकदा त्यात हाड वाढलेले नसतेच, आतला पडदा एका बाजूला वाकलेला असतो, पण ते असो. अडचण इतकीच आहे की साधे ऑपरेशन झाले असे एकदा सांगितले, की मग साधे ऑपरेशन झाल्यासारखे वागावे लागते. वाफ, लोकल आणि चष्मा ही तुमच्या पत्रातली तिन्ही संकटे त्या एका वाक्यातून निघाली आहेत.

सर्वांत आधी वाफ, कारण ती आज रात्रीच बंद व्हायला हवी. आत्यांचा हेतू चांगला आहे आणि सर्दीत त्यांचा उपाय चालेलही, पण तुमचे नाक सर्दीने चोंदलेले नाही. आतल्या अस्तराला सूज आहे, टाके आणि खपल्या आहेत. उष्णतेने रक्तवाहिन्या फुलतात, पातेल्यावर वाकल्याने डोक्याकडचा दाब वाढतो, सूज आहे त्याहून वाढते आणि रक्त येऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे, कधी काही महिने, शेंड्याची त्वचा बधिर असते. चटका बसला तरी तो बसताना कळत नाही. याच कारणासाठी कढत पाण्याने डोक्यावरून अंघोळही तूर्त नको. वाफेऐवजी औषधाच्या दुकानात मिळणारा मिठाच्या पाण्याचा तयार फवारा, सर्जनने सांगितला असेल तितक्या वेळा, दोन्ही नाकपुड्यांत मारावा. त्याने खपल्या मऊ होऊन आपोआप सुटतात. त्या नखाने किंवा रुमालाच्या टोकाने काढू नयेत. मलम दिले असेल तर ते कापसाच्या काडीने फक्त कडेला लावावे, काडी आत खोल घालू नये. नाकात तूप किंवा तेल सोडणे, जलनेती, कपाळाला आणि नाकाला बाम चोळणे, हे सारे सर्जन परवानगी देईपर्यंत बंद. नाक चटकन मोकळे करणारे थेंबही स्वतःच्या मनाने घेऊ नका. ते काही दिवसांहून अधिक वापरले की औषध उतरताच नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदते. नाक शिंकरायचे नाही, आणि शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडे ठेवून येऊ द्यायची. तिखटाच्या फोडणीने ठसका लागतो, तेव्हा ती पडेपर्यंत स्वयंपाकघराबाहेर थांबलात तर कोणाचे काही बिघडणार नाही.

लोकलचा प्रश्न अवघड आहे, कारण पोट त्यावर आहे. सहा आठवडे होईपर्यंत घरून काम मागणे हा पहिला पर्याय. डॉक्टरांच्या दाखल्यावर नाकाची शस्त्रक्रिया झाली असून इतके दिवस गर्दीचा प्रवास टाळावा, एवढेच लिहिलेले असले तरी चालते; ती कशासाठी झाली हे ऑफिसला सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. ते जमले नाही तर वेळ बदलून मागा, निदान सकाळी साडेआठ ते साडेदहाची गर्दी चुकेल. गाडीत चौथी सीट (तिघींच्या बाकावर कडेला सरकून मिळणारी जागा) नको, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीचे कोपर आणि खांद्यावरची पर्स नेमकी तिथे बसलेल्या बाईच्या तोंडाच्या उंचीला येते. दारात नको, आणि जिथून बायका रॅकवरच्या पिशव्या खाली ओढतात तिथे खाली उभे राहणेही नको. "ऑपरेशन झाले आहे, जरा आत बसू का?" असे विचारायला तुम्हाला लाज वाटते, कारण ऑपरेशन खरे असले तरी तो आजार नव्हता असे तुमचे मन सांगते. विचारा. लेडीज डब्यात भांडणे पुष्कळ होतात, पण या वाक्याला नाही म्हणणाऱ्या बायका मी फारशा पाहिलेल्या नाहीत. धुळीसाठी मास्क लावायचा तर नाकावर दाबून बसवायची तार काढून टाकलेला आणि सैल असा लावावा. इमारतींच्या पाडकामाची धूळ नाकात जाण्यापेक्षा तो बरा.

प्रवासाच्या जोडीने घरचे श्रमही आले. पाण्याने भरलेली बादली उचलणे, वाकून केर काढणे, सूर्यनमस्कार, जिम, या सर्वांनी चेहऱ्याकडे रक्त धावते. निदान चौथा आठवडा उलटेपर्यंत ते थांबवावे, आणि ज्यात चेंडू किंवा धक्का लागू शकतो असे खेळ त्याहून बरेच पुढे. झोपताना डोके दोन-तीन उशांवर उंच ठेवून उताणे झोपावे. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, म्हणून सूज असेपर्यंत त्यावर हात आखडता घ्यावा. सिगारेटचा धूर, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा, जखमेचा रक्तपुरवठा घटवतो. डोके दुखले म्हणून घरातल्या डब्यातली अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन असलेली गोळी सर्जनला न विचारता घेऊ नये, कारण त्यांनी रक्त गोठण्यात अडथळा येतो.

चष्म्याचे वजन थोडे वाटते, पण ते दिवसाचे आठ-दहा तास नेमके त्याच जागी पडते, जिथे हाड अजून मऊ आहे, आणि तिथे खळगा पडू शकतो किंवा हाड सरकू शकते. सर्जन बहुधा चार ते सहा आठवडे चष्मा नाकावर टेकवू देत नाहीत. डोळ्यांभोवतीची सूज उतरली असेल आणि पूर्वीची सवय असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स वापरता येतील. नसेल तर चष्म्याचा पूल कागदी चिकटपट्टीने कपाळाला असा अडकवावा की तो नाकावर टेकणार नाही. दिसायला ते विचित्र असते, हे खरे. ऑफिसात दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी विसरतील.

आता तुमचा पहिला प्रश्न. मी तुमचे नाक पाहिलेले नाही, आणि पाहिले असते तरी एकोणिसाव्या दिवशी ते बिघडले की साधले हे मला सांगता आले नसते. तुमच्या सर्जनलाही ते शेवटचे म्हणून सांगता येणार नाही. डोळ्यांखालचे काळेनिळे डाग दोन आठवड्यांच्या आसपास जातात, ठळक सूज पहिल्या काही आठवड्यांत उतरते, पण शेंड्याची सूज सर्वांत चिवट असते. ती पूर्ण जायला वर्ष लागू शकते, आणि आपल्याकडे अनेकांची असते तशी त्वचा जाड असेल तर त्याहूनही अधिक. शेंडा सुरुवातीला वर उचललेला दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे. सूज उतरते आणि ऊती सैल पडतात तसा तो थोडा खाली येतो. दोन बाजूंची सूज एकाच वेगाने उतरेल असेही नाही. वरच्या ओठाचा ताठरपणा आणि पुढच्या दातांजवळची बधिरताही बहुतेकींना काही आठवडे जाणवते. तुम्ही लिहिलेल्या खुणांपैकी मला एकही नुसती ऐकून धास्ती वाटावी अशी नाही, मात्र रोजचा चष्मा आणि गर्दीतले धक्के लक्षात घेता डावी-उजवीतला फरक सर्जनने हाताने तपासून पाहायला हवा.

तुम्ही रोज सकाळी उठल्या उठल्या आरसा पाहत असणार, असा माझा अंदाज आहे. रात्रभर आडवे राहिल्याने सकाळी सूज सर्वांत जास्त असते, म्हणजे निकालासाठी तुम्ही दिवसातली सर्वांत वाईट वेळ निवडली आहे. मोबाइलचा सेल्फी तर त्याहून फसवा. कॅमेरा चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर असेल तर पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसते, असे २०१८ साली अमेरिकेतल्या काही सर्जनांनी गणित मांडून दाखवले होते. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, आईकडून पाच फुटांवरून फोटो काढून घ्या आणि मधल्या दिवसांत तुलना करू नका. दुरुस्तीची दुसरी शस्त्रक्रिया करायचीच झाली तरी सर्जन साधारण वर्षभर थांबायला सांगतात, त्यामुळे घाईने कोणाकडे दुसरे मत मागायला जाऊन आत्ता हाती काही लागणार नाही. पण तासातासाला आरशाकडे पाय वळत असतील, झोप आणि जेवण त्यापायी सुटत असेल, तर ते सर्जनला अवश्य सांगा. असे मन सावरायला समुपदेशकाची मदत घेण्यात काही कमीपणा नाही.

वाट न पाहता फोन करावा असे प्रसंग थोडे आहेत, पण ते पाठ असावेत. डोके किंचित पुढे करून बसल्यावर पंधरा-वीस मिनिटांतही न थांबणारे रक्त. १०१ अंशांच्या पुढचा ताप, पू किंवा पसरत जाणारी लाली. एकाएकी वाढलेली वेदना आणि त्याच वेळी नाक गच्च बंद होणे, कारण आतल्या पडद्यावर रक्त साकळले तर कूर्चेचा, म्हणजे नाकातल्या मऊ, लवचीक हाडाचा, रक्तपुरवठा तुटून नाक मधोमध खचू शकते. सतत टपकणारे पाण्यासारखे पातळ द्रव, मान ताठ होणे, अंधुक दिसणे. नाकावर जोराचा धक्का बसला तर दुखत नसले तरी त्याच दिवशी दाखवावे.

नथीचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. लग्नापर्यंत तुमचे आठ आठवडे होतील, तोवर हाड बऱ्यापैकी पक्के झालेले असेल. पण नथ हाडावर नसते, नाकपुडीच्या कडेवर असते, आणि ती कूर्चा व तिच्यावरची सूज यांचा कारभार वेगळा आहे. दाबाची नथ नाकपुडी चिमटून धरते, आणि त्वचा बधिर असेल तर ती किती चिमटते आहे ते तुम्हाला कळणार नाही. टोचलेल्या नाकात घालायची मोत्यांची नथ कड खाली ओढते. नव्याने नाक टोचून घेण्याचा विचार तर इतक्यात करूच नका. नाकापेक्षा मोती जड होऊ नये, हे आपल्या भाषेने फार पूर्वी सांगून ठेवले आहे, इथे ते शब्दशः घ्यायचे. सर्जनने परवानगी दिली तर हलकी नथ फोटोपुरती पाच-दहा मिनिटे घाला. नाहीतर नऊवारी, खोपा आणि चंद्रकोर यांनी वेळ निभावून न्या. लग्न दिवसा उघड्यावर असेल तर नाकावर सनस्क्रीन लावायला मात्र विसरू नका, उन्हाने व्रण आणि डाग काळे पडतात.

घरी काय सांगायचे, हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे. "नाकाचे ऑपरेशन झाले आहे आणि डॉक्टरांनी सहा आठवडे जपायला सांगितले आहे," हे वाक्य संपूर्ण खरे आहे आणि त्यापुढे एक शब्दही बोलण्याची सक्ती नाही. एका ठिकाणी मात्र हाड वाढल्याचे कारण चुकूनही पुढे करू नका: विम्याच्या दाव्यात. केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही आणि खोटा दावा तुम्हाला फार महागात पडेल.

राहिले तुमचे कंसातले वाक्य. हे नाक बाबांचे आणि आत्याचे, असे तुम्ही लिहिले आहे, आणि मला वाटते की ऑफिसपेक्षा, शेजाऱ्यांपेक्षा तुम्ही लपता आहात त्या दोघांपासून. आपले नाक नाकारले गेले असे त्यांना वाटेल, ही भीती मला समजते; ती खरी ठरणारच नाही असे मी सांगू शकत नाही, बाबांच्या बाबतीत तर नाहीच. पण आत्यांचे वेगळे आहे. ज्यांना आरशात जन्मभर तो उंचवटा दिसत आला, त्या रोज रात्री तुमच्या चेहऱ्यासमोर वाफेचे पातेले धरून बसतात. साध्या हाडाच्या ऑपरेशनला सहसा नाकावर बाहेरून प्लास्टर लागत नाही आणि डोळ्यांखाली काळेनिळे होत नाही. उंचवटा गेल्याचे त्यांच्या लक्षात आले नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. त्यांनी विचारलेले नाही, एवढेच. आज रात्री त्या पातेले चढवायला उठतील तेव्हा त्यांना थांबवून वाफ का नको ते सांगा. पुढचे कदाचित त्याच विचारतील.